खपाचा आकडा आणि वेलाची उतरण

नव्वदच्या दशकात निमगाव केतकीहून एसटीने इंदापूरला जाऊन मी संगणकाचा क्लास केला. डॉसच्या आज्ञांचा सराव झाला की शेवटची पंधरा मिनिटे सर एक गेम लावू द्यायचे. काळ्या पडद्यावर तळघराच्या दगडी भिंती उमटायच्या आणि पांढऱ्या कपड्यांतला एक तरुण धावू लागायचा. फरशीतून सुळे वर यायचे, पायाखालची लादी निखळायची, आणि साठ मिनिटांत राजकन्येपर्यंत पोहोचलो नाही तर सगळा खेळ खलास. एका मुलाने कुठूनतरी ‘मेगाहिट’ हा शब्द शोधून आणला. गेमच्या नावापुढे तो टाइप केला की मजले ओलांडता येत. तसे करत आम्ही बाराव्या मजल्यावर पोहोचलो आणि तिथे अडकलो. समोर राजपुत्राचीच सावली तलवार उपसून उभी होती. तिच्यावर वार केला की आपलाच जीव कमी व्हायचा. तिला मारले की आपणही मरायचो. कितीतरी दिवस आम्ही तिला मारत राहिलो आणि मरत राहिलो.

तो गेम म्हणजे ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’. जॉर्डन मेकनर या अमेरिकन तरुणाने तो जवळजवळ एकहाती रचला आणि १९८९ मध्ये तो बाजारात आला. धाकट्या भावाला धावायला आणि उड्या मारायला लावून मेकनरने त्याचे चित्रीकरण केले होते. त्या चित्रांवरून राजपुत्राची एकेक हालचाल उतरवली, म्हणून तो खऱ्या माणसासारखा धडपडतो. आमची ती सावलीसुद्धा अडचणीतून जन्मली होती. संगणकाच्या स्मृतीत नवा शत्रू काढायला जागा उरली नव्हती, तेव्हा राजपुत्राचीच चित्रे रंग बदलून पुन्हा वापरली गेली. हा गेम ॲपल-टू या संगणकासाठी आला तेव्हा त्या यंत्राचे दिवस सरत आले होते आणि सुरुवातीचा खप बेताचाच होता. पुढे तो इतर यंत्रांवर गेला, तेव्हा जगभर पसरला. आमच्यापर्यंत मात्र तो फ्लॉपीवरून फ्लॉपीवर उतरत आला. आमच्या क्लासमध्ये कोणीही तो विकत घेतलेला नव्हता. खपाच्या वहीत इंदापूरच्या त्या खोलीची नोंद शून्य. आणि तरीही त्या खोलीतल्या प्रत्येकाच्या बोटांना आजही ती हलणारी लादी आठवते.

या पुस्तकाचा विषय व्हिडिओ गेमच्या मालिका हा आहे. एक गेम चालला की त्याचा दुसरा भाग निघतो, मग तिसरा, मग दहावा. अशा मालिकेची योग्यता ठरवायची कशी, हा प्रश्न या लेखांच्या मुळाशी आहे. चर्चेत साधारणपणे दोन मापे पुढे केली जातात. एक म्हणजे खप: किती प्रती विकल्या गेल्या? दुसरे म्हणजे बदलाची तयारी: मालिकेने स्वतःला किती वेळा मोडून नव्याने घडवले? पहिल्या मापाचे लोक म्हणतात, लाखो माणसे स्वतःचे पैसे मोजतात ती उगीच नाही. दुसऱ्या मापाचे लोक म्हणतात, तेच ते पुन्हा विकणे हा नुसता धंदा झाला. मला दोन्ही म्हणणी अर्धी वाटतात. ही दोन मापे एकमेकांविरुद्ध तोलण्याऐवजी एकामागून एक लावली, तर मालिकेचे खरे रूप दिसते. ते कसे, हे मला गेमांच्या आधी आमच्या गावाने शिकवले.

निमगाव केतकी आणि आसपासचा भाग पानमळ्यांसाठी ओळखला जातो. शेवरी, शेवगा, हादगा, पांगारा अशा झाडांच्या आधाराने पानवेल चढवतात. सावली आणि ओलावा सांभाळला की वेल झपाट्याने वर जातो. पान खुडायचे, डाग बांधायचे, बाजाराला पाठवायचे. पण वेल जसजसा उंच जातो तसतशी खालची कांडी पानांवाचून उघडी पडतात आणि शेंड्याची पाने बारीक येऊ लागतात. म्हणून वर्षाकाठी उतरण करावी लागते. वेल आधारावरून सोडून खाली घ्यायचा, उघड्या वेलाचे वेटोळे करून मातीत पुरायचे, शेंडा तेवढा वर ठेवायचा आणि पुन्हा बांधत न्यायचे. पुरलेल्या पेरांना मुळ्या फुटतात आणि वेलाला नवे बळ येते. मात्र उतरणीनंतर काही आठवडे खुडा बंद ठेवावा लागतो. तेवढे दिवस बाजाराकडून पैसा येत नाही आणि मजुरी मात्र द्यावीच लागते. पानमळेवाला चांगला की नाही, हे जाणती माणसे शेवटच्या डागाच्या भावावरून ठरवत नाहीत. उतरण वेळेवर केली की पाने बारीक होईपर्यंत खुडतच राहिला, हे ती पाहतात.

गेमच्या मालिकेला हीच कसोटी लागते. खप आपल्याला खुडलेल्या पानांचा हिशोब देतो. वेलाची तब्येत त्यावरून कळत नाही.

आधी खपाकडे पाहू. कुठल्याही भागाचा पहिल्या आठवड्यातला खप त्या भागाचा नसतोच. गेम खेळून पाहण्याआधीच लोकांनी तो घेतलेला असतो. तो खप म्हणजे आधीच्या भागांनी साठवलेला विश्वास. १८ नोव्हेंबर २०२२ रोजी ‘पोकेमॉन स्कार्लेट’ आणि ‘पोकेमॉन व्हायोलेट’ ही जोडी आली. पहिल्या तीन दिवसांत जगभर तिच्या एक कोटी प्रती गेल्या. निन्टेंडोच्या यंत्रांवर कुठल्याही गेमने तोवर तीन दिवसांत एवढी मजल मारली नव्हती. त्याच तीन दिवसांत अडखळणाऱ्या चित्रांबद्दल आणि भिंतीत रुतणाऱ्या पात्रांबद्दल खेळाडूंच्या तक्रारींचा पाऊस पडला. पुढच्याच महिन्यात दुरुस्तीची आवृत्ती देताना कंपनीला दिलगिरी व्यक्त करावी लागली. एक कोटी आणि दिलगिरी, दोन्ही गोष्टी एकाच गेमच्या. त्यातली विक्री १९९६ पासून मुलांच्या मनात रुजलेल्या नावाची होती. तक्रार त्या दिवशी हाती आलेल्या गेमची होती.

खपाच्या भरात वेल किती खुडला जाऊ शकतो, याचे उदाहरण म्हणजे ‘गिटार हिरो’. खेळण्यातली गिटार हाती घेऊन गाण्याच्या तालावर बटणे दाबायची, ही कल्पना २००५ मध्ये आली आणि घराघरात गेली. २००७ च्या तिसऱ्या भागाची विक्री एक अब्ज डॉलरच्या पुढे गेल्याचे ॲक्टिव्हिजन कंपनीने जाहीर केले. मग नुसता खुडा सुरू झाला. २००९ या एकाच वर्षात या घराण्यातले अर्धा डझन गेम बाजारात उतरले. गाणी नवी होती, खेळ तोच. फेब्रुवारी २०११ मध्ये ॲक्टिव्हिजनने हा विभागच बंद केला. चार वर्षांनी एक नवा प्रयत्न झाला, पण जुने दिवस परत आले नाहीत. २००७ साली कोणी नुसता खपाचा आकडा पाहिला असता, तर ही मालिका पन्नास वर्षे टिकेल असेच त्याला वाटले असते.

आता बदलाकडे. ‘झेल्डा’ ही निन्टेंडोची १९८६ पासूनची मालिका. २०११ चा ‘स्कायवर्ड स्वोर्ड’ समीक्षकांनी नावाजला, पण त्याचा खप चाळीस लाखांच्या आतच राहिला. २०१३ मध्ये मालिकेचे प्रमुख एइजी आओनुमा यांनी उघडपणे सांगितले की झेल्डाचे ठरून गेलेले संकेत आम्ही पुन्हा तपासणार आहोत. ठरलेल्या क्रमाने देवळे ओलांडायची, ठरलेल्या वेळी हत्यार मिळवायचे, हे सारे खाली उतरवले गेले. ३ मार्च २०१७ रोजी आलेल्या ‘ब्रेथ ऑफ द वाइल्ड’मध्ये खेळाडू सुरुवातीचे पठार सोडले की दिसेल त्या डोंगरावर चढू शकतो आणि वाटले तर थेट अंतिम शत्रूकडे जाऊ शकतो. पुढे त्याचा खप तीन कोटींच्या वर गेला. इथे बदल आधी आला आणि खप मागून. मधली वर्षे मोठा खुडा बंद होता. ती सोसण्याची ताकद आणि इच्छा दोन्ही त्या घरात होत्या.

काही वेळा उतरण नाइलाजाने करावी लागते. ‘फायनल फँटसी’ मालिकेचा चौदावा भाग सप्टेंबर २०१० मध्ये आला तो इतका कच्चा होता की स्क्वेअर एनिक्स कंपनीने माफी मागितली आणि त्या वर्षअखेरीस नाओकी योशिदा यांच्याकडे सूत्रे दिली. योशिदांनी ठिगळे लावत बसण्याऐवजी नवा गेम रचायला घेतला. त्याच वेळी जुनाही चालू ठेवला, कारण त्यात राहणारी माणसे टाकून देता येत नव्हती. नोव्हेंबर २०१२ मध्ये जुना गेम थांबला तोही कथेतच: आकाशातला चंद्र कोसळला आणि त्या जगाचा अंत झाला. ऑगस्ट २०१३ मध्ये तेच जग नव्याने उभे राहिले आणि आजही लोक त्यात जातात. आपली चूक खेळाडूंपासून न लपवता तिलाच कथेत पुरायचे आणि त्यातून मुळ्या फुटू द्यायच्या, असे धाडस मला दुसरीकडे क्वचितच दिसले.

या सगळ्यात आमच्या राजपुत्राचे काय झाले? त्याच्या मालिकेइतकी या विषयाची गुंतागुंत दुसऱ्या कोणत्याही मालिकेत नाही, आणि तिचा एक धागा पुण्यापर्यंत येतो. १९९३ मध्ये दुसरा भाग आला. १९९९ मध्ये राजपुत्राला त्रिमिती जगात नेण्याचा प्रयत्न झाला तो साफ फसला. पुढे फ्रान्सच्या युबिसॉफ्ट कंपनीने मेकनरला सोबत घेतले आणि तिच्या माँट्रियल स्टुडिओने २००३ मध्ये ‘द सँड्स ऑफ टाइम’ आणला. चुकलेली उडी खंजिराच्या जादूने मागे फिरवता येते, ही त्यातली कल्पना. पहिल्या गेममध्ये वेळ राजपुत्राचा शत्रू होता, इथे तो त्याच्या हातातले हत्यार झाला. समीक्षकांनी गेम डोक्यावर घेतला. मग कंपनीने २००४ च्या पुढच्या भागात राजपुत्राला रागीट, रक्ताळलेला केला आणि संगीतही कर्कश केले. तो चालला, पण ही दिशा आपल्याला रुचली नाही असे मेकनरनेच पुढे सांगितले. हाही बदलच होता. म्हणून नुसती ‘बदलाची तयारी’ हे मापही पुरत नाही. बदल खेळाच्या मुळातून आला की बाजाराच्या वाऱ्याने, हे विचारावे लागते.

त्याच सुमारास माँट्रियलमध्ये राजपुत्राच्या पुढच्या भागाचे काम चालू होते. कल्पना वाढत गेली, राजपुत्र मागे पडला आणि त्याचा रक्षक असलेला मारेकरीच नायक झाला. २००७ मध्ये ती कल्पना ‘असॅसिन्स क्रीड’ या वेगळ्या नावाने बाहेर पडली. २०२२ पर्यंत त्या मालिकेच्या २० कोटींहून अधिक प्रती खपल्याचे युबिसॉफ्टने सांगितले. हा खप राजपुत्राच्या खात्यात कोणी धरत नाही, पण वेल त्याच मुळाचा आहे. राजपुत्राची स्वतःची मालिका मात्र २०१० नंतर जवळजवळ थांबली.

युबिसॉफ्टने २००८ मध्ये पुण्यातला गेमलॉफ्टचा स्टुडिओ घेतला आणि २०१८ मध्ये मुंबईत दुसरा उघडला. १० सप्टेंबर २०२० रोजी जाहीर झाले की ‘द सँड्स ऑफ टाइम’ची नवी आवृत्ती पुणे आणि मुंबईचे हे स्टुडिओ करणार. एवढ्या मोठ्या नावाची धुरा त्यांच्याकडे पहिल्यांदाच आली होती. फ्लॉपीवरून आपल्याकडे आलेला राजपुत्र आता आपल्या माणसांच्या हातून जगाकडे जाणार, या बातमीने मला झालेला आनंद आजही आठवतो. पण पहिली झलक पाहून खेळाडूंनी चित्रांच्या दर्जावर नापसंती दाखवली. जानेवारी २०२१ ही तारीख मार्चवर गेली, मग बेमुदत लांबली, आणि मे २०२२ मध्ये ते काम माँट्रियलकडे गेले. या प्रसंगाकडे मी पुणे-मुंबईचा पराभव म्हणून पाहत नाही. जुना गेम नव्याने करणे हे सगळ्यांत अवघड काम असते, कारण तिथे दोन्ही मापे एकाच वेळी लागतात. लोकांना आठवणीतला गेम जसाच्या तसा हवा असतो, आणि तो आजचाही वाटायला हवा असतो. सतरा वर्षांत आठवणीतली चित्रे मूळ चित्रांपेक्षा सुंदर झालेली असतात. त्या आठवणीशी झुंजणे म्हणजे सावलीशीच लढणे.

मालिकेच्या मुळ्या तिच्या नावाबाहेरही फुटतात, हेही पुण्यातच दिसले. नॉडिंग हेड्स गेम्स या छोट्या पुणेरी चमूने २०२० मध्ये ‘राजी: ॲन एन्शंट एपिक’ आणला. भावाच्या शोधात निघालेली राजी, राजस्थानी महाल आणि किल्ल्यांचे वळण, कथा सांगणारे दुर्गा आणि विष्णू. तिच्या भिंतीवरून धावण्यात आणि खांबांवर झेपावण्यात राजपुत्राची चाल स्पष्ट ओळखू येते. या गेमसाठी २०१७ मध्ये लोकवर्गणी मागितली गेली तेव्हा ठरलेली रक्कम जमली नव्हती. तरी तो पुरा झाला आणि द गेम अवॉर्ड्समध्ये पदार्पणाच्या विभागात त्याला नामांकन मिळाले. राजपुत्राच्या खपाच्या तक्त्यात राजीला जागा नाही. त्याच्या वारशाचा हिशोब मात्र तिच्यावाचून पुरा होणार नाही.

आणि जानेवारी २०२४ मध्ये मूळ मालिकेने खरी उतरण केली. ‘द लॉस्ट क्राउन’ने राजपुत्राला बाजूला ठेवून सार्गोन नावाच्या योद्ध्याला पुढे आणले, गेम पुन्हा बाजूने दिसणारा केला आणि पात्रांना फारसी आवाजही दिले. पर्शियाचे नाव मिरवणारी मालिका पस्तीस वर्षांनी पर्शियाच्या भाषेत बोलली. समीक्षकांनी आणि खेळणाऱ्यांनी मनापासून दाद दिली. खप मात्र अपेक्षेइतका झाला नाही आणि त्याच वर्षी गेम घडवणारा चमू इतर कामांवर पाठवण्यात आला. वेल उतरवला, मुळ्या फुटल्या आणि पाने येण्याआधीच मळा मोडला. नुसत्या खपाने तोललेला गेम कसा हरवतो, याचा याहून दुःखद दाखला माझ्यापाशी नाही.

खप संपल्यावरही मालिका जगते, हे आपल्याकडच्या पोरांनी दाखवून दिले आहे. ईए स्पोर्ट्सची क्रिकेट मालिका ‘क्रिकेट ०७’ या भागावर थांबली. त्यात अधिकृत परवाना फक्त ऑस्ट्रेलिया आणि इंग्लंडचा होता, त्यामुळे आपल्या खेळाडूंची नावे मोडून-वाकवून दिलेली होती. कंपनीने पुढचा भाग काढलाच नाही. मग खेळणाऱ्यांनीच नावे दुरुस्त केली, नव्या जर्सी रंगवल्या, नवी मैदाने आणि आयपीएलचे संघ घातले, आणि ते पॅच पेनड्राइव्हवरून गावोगाव फिरले. मालिकेने बदल नाकारला, तेव्हा तो लोकांनी केला. ज्या गेमसाठी माणसे फुकट एवढे कष्ट घेतात, त्याच्या योग्यतेचे याहून मोठे प्रमाणपत्र कुठल्या आकड्यात मिळेल?

आज गावात पारावर बसलेल्या मुलांच्या हातात संगणक नाही, मोबाइल आहे. २ जुलै २०२१ रोजी आलेला ‘बीजीएमआय’ (बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया) हा गेम फुकट मिळतो, म्हणजे तिथे प्रतींचा खपच नाही. पैसे जातात ते यूसी या गेममधल्या चलनावर आणि स्किनवर, म्हणजे पात्रांच्या आणि बंदुकांच्या नव्या रूपांवर. इथे बदल अखंड चालू असतो: नवा हंगाम, नवे कपडे, बंदुकीवर नवा रंग. जुन्या काळी बदल करायला खुडा थांबवावा लागे, आता बदलच विकायला ठेवला आहे. म्हणून माप आणखी बारीक करावे लागते. पानबाजारात कळीचे पान वेगळे आणि फापड्याचे पान वेगळे, दोन्हींचा भाव वेगळा. तसेच कपडे बदलले की खेळ बदलला, एवढे तरी आपल्याला निवडता यायला हवे. आमच्या गावातली मुले या खेळांत वेळ आणि घरचा पैसा घालत आहेत. त्यांना ही निवड करता यावी, अशी माझी मनापासून इच्छा आहे.

या पुस्तकातले लेख वाचताना वाचकाने तीन प्रश्न जवळ ठेवावेत. समोरचा खप या भागाने मिळवला की आधीच्या भागाच्या पुण्याईवर आला? बदल वेल हिरवा असताना केला की पाने बारीक झाल्यावर? आणि बदल करताना खाली नेमके काय पुरले, शेंडा कोणता राखला? तिसरा प्रश्न सगळ्यांत महत्त्वाचा. उतरण म्हणजे वेल उपटून नवा लावणे नाही. झेल्डाने देवळांचा क्रम पुरला आणि अनोळखी माळावर एकटे निघण्याचा आनंद वर ठेवला. ‘द लॉस्ट क्राउन’ने राजपुत्र पुरला आणि नेमक्या क्षणी मारलेली उडी वर ठेवली. ज्या मालिकेला आपला शेंडा कोणता हे कळते, ती बदलू शकते. ज्यांना ते कळत नाही, त्या एकतर घाबरून तेच ते करतात किंवा वाऱ्याबरोबर काहीही होतात.

बाराव्या मजल्यावरच्या सावलीचे उत्तर आम्हाला फार उशिरा कळले. तिच्याशी लढायचेच नसते. तलवार म्यान करायची, म्हणजे तीही करते. मग दोघे एकमेकांकडे धावतात आणि एक होतात. पण त्या मजल्यावर अजून एक गोष्ट बाकी असते. सावली सामावून घेतल्यावर पुढे रस्ता नसतो, नुसती दरी दिसते. तिथे न थांबता राजपुत्राला धावू द्यावे लागते. पाऊल कड्याबाहेर पडते आणि त्याच क्षणी पायाखाली लादी उमटते. मग दुसरी, मग तिसरी.

निमगाव केतकी, ता. इंदापूर